पेशीपटल म्हणजे चाळणी नव्हे: घरच्या ओट्यावर समजून घ्यायची पद्धत

पेशीपटलाचा धडा बहुतेक मुलं पाठ करून टाकतात. विसरण, परासरण, सक्रिय वहन, तीन व्याख्या, एक आकृती, झालं. आणि मग परीक्षेत प्रश्न येतो की सोडियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) एवढासा असून पटलातून सरळ का जात नाही आणि इस्ट्रोजेनसारखा त्याच्यापेक्षा केवढा तरी मोठा रेणू आरामात का जातो, की सगळ्यांची विकेट. कारण डोक्यात चित्र असतं चाळणीचं, बारीक ते खाली, जाड ते वर. ते चित्र आधी काढून टाकायचं, बाकी धडा मग फार अवघड नाही.

माझ्याकडे परळला अकरावी-बारावीची मुलं येतात, हल्ली नर्सिंग नाहीतर डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) ॲडमिशन घेतलेली काही मोठी मंडळीही येतात ज्यांचं बायोलॉजी सुटून बरीच वर्षं झालीयेत. त्यांच्याबरोबर ज्या क्रमाने मी जाते तोच इथे लिहितेय. सामान घरचंच: दोन बटाटे, एक बीट, मीठ, साखर, चार ग्लास, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, आणि चालत असेल तर एक अंडं आणि पांढरं व्हिनेगर. बिल्डिंगमध्ये अंड्यावरून कटकट होत असेल तर सोडून द्या, बटाटा त्याच्यापेक्षा जास्त शिकवतो.

पहिली पायरी: पटल कशाचं बनलंय ते नीट डोक्यात बसवा

जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर. वहीच्या एका पानाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त पटलं मावतील. त्यात मुख्य माल म्हणजे फॉस्फोलिपिड. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्यात रमणारं आणि दोन शेपट्या तेलकट, पाण्यापासून लांब पळणाऱ्या. पाण्यात असे पुष्कळ रेणू सोडले की ते आपले आपणच दोन थरांत उभे राहतात, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. कोणी लावून द्यावं लागत नाही.

हे दोन थर आहेत हे कसं कळलं ते सांगते, कारण ते ऐकलं की आकृती पाठ करावी लागत नाही. १९२५ मध्ये हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यातली सगळी चरबी वेगळी काढली आणि पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा थर होईल इतकी पसरली. तो थर पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरला, म्हणजे पेशीभोवती एक नाही, दोन थर. तांबडी पेशीच का, तर सस्तन प्राण्यांच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आतली इतर पटलं नाहीत, जी काय चरबी मिळेल ती बाहेरच्या पटलाचीच. डोकं बघा काय चालवलंय! पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी जे मॉडेल मांडलं त्यात या तेलकट थरात प्रथिनं तरंगत असतात, सरकत असतात. पुस्तकातली आकृती तिथली.

म्हणजे मधे आहे तो तेलाचा थर, आणि दोन्ही बाजूंना पाणी. भोकं पाडलेला कागद नाही.

दुसरी पायरी: कुठलाही पदार्थ दिला की तीनच प्रश्न विचारायचे

हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि याच क्रमाने विचारा. एक, याला तेलात विरघळता येतं का? दोन, नसेल येत तर याच्यासाठी पटलात दरवाजा आहे का, आणि तो आत्ता उघडा आहे का? तीन, हा जास्तीकडून कमीकडे चाललाय की उलटा, आणि उलटा असेल तर खर्च कोण देतंय?

ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल, स्टेरॉइड हार्मोन्स (इस्ट्रोजेन त्यातलंच) हे पहिल्याच प्रश्नात पास. थेट जातात, कोणाला विचारत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यावर पटलाचा फारसा कंट्रोलही नाही. १८९० च्या दशकात ओव्हर्टन नावाच्या माणसाने वनस्पतींच्या पेशींवर एकामागून एक कितीतरी रसायनं वापरून बघितली आणि त्याला दिसलं की जे तेलात जास्त विरघळतं ते पेशीत लवकर शिरतं. तेव्हा पटल कोणी पाहिलेलंही नव्हतं, नुसत्या या हिशोबावरून तो म्हणाला की पेशीभोवती काहीतरी चरबीसारखं असणार.

सोडियम मात्र पहिल्या प्रश्नात नापास. आकार लहान असला तरी त्याच्यावर विद्युतभार आहे, त्यामुळे पाण्याचे रेणू त्याला चारी बाजूंनी चिकटून असतात, तेलात शिरायचं तर ते सगळे सोडावे लागतात आणि त्याला इतकी ऊर्जा लागते की तो सहसा त्या फंदात पडतच नाही. ग्लुकोजला भार नाही पण पाण्याशी घट्ट दोस्ती आहे, म्हणून तोही जवळपास नापास. पाणी स्वतः अधलंमधलं, लहान आहे आणि भार नाही म्हणून थोडं थोडं झिरपतं. तेवढ्याने बऱ्याच पेशींचं भागत नाही, ते पुढे येईलच.

तिसरी पायरी: बटाटा

याला वेळ द्या, घाईत उरकू नका. बटाटा सोलून त्याचे बोटभर लांबीचे, शक्यतो एकाच जाडीचे तुकडे करा (फ्रेंच फ्राइजसाठी करतो तसे), प्रत्येक ग्लासात तीन जातील एवढे. तीन-तीनचे गट करा, टिशूने टिपून प्रत्येक गटाचं वजन लिहून ठेवा. पहिल्या ग्लासात साधं पाणी. दुसऱ्यात एक टक्क्याच्या आसपासचं मिठाचं पाणी, म्हणजे अर्ध्या लिटरला सपाट एक टीस्पून मीठ. तिसऱ्यात त्याच्या तिप्पट मीठ. चौथ्या ग्लासात पण तिसऱ्याइतकंच मीठ, फक्त त्यात जाणारे तुकडे आधी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून गार करून घेतलेले, आणि त्यांचं वजन उकळल्यानंतरचं घ्यायचं. वर झाकण ठेवा आणि दीड-दोन तास विसरून जा.

काढल्यावर आधी हात लावून बघा, वजन नंतर. साध्या पाण्यातला तुकडा कडक झालेला असतो, वाकवला तर टचकन मोडतो. तिप्पट मिठातला मऊ पडतो, वाकवला की वाकतो, कधीकधी तर बोटाभोवती गुंडाळताही येतो. वजनातही तेच, एक वाढलेलं, एक घटलेलं. मधल्याचं वजन बऱ्याचदा थोडंच हलतं, बटाटा जुना आहे की नवा यावर बदलतं. मिठाचं प्रमाण थोडं थोडं बदलत गेलात तर असं एक पाणी सापडेल ज्यात वजन वाढतही नाही आणि घटतही नाही, ते तुमच्या बटाट्याचं समपरासारी द्रावण. प्रोजेक्ट करायचा असेल तर हाच करा, याचा ग्राफ छान येतो.

इथे बहुतेक जण म्हणतात की मिठाने पाणी ओढलं. बोलायला चालेल, पण कोणी कोणाला ओढत नाहीये. पाण्याचे रेणू दोन्ही दिशांना सतत येत-जात असतात, बाहेर मीठ विरघळलेलं असलं की तिकडचं मोकळं पाणी कमी, म्हणून तिकडून आत येणारे रेणू कमी आणि आतून बाहेर जाणारे जास्त, आणि हा जो फरक उरतो त्याला आपण परासरण म्हणतो. समपरासारी द्रावणातही पाणी थांबलेलं नसतं, फक्त जाणं आणि येणं सारखं असतं. एमसीक्यूमध्ये यावर हमखास फसवतात.

चौथा ग्लास विसरू नका, खरी गंमत तिथे आहे. उकळल्यावर पटलं फाटलेली असतात, त्यामुळे तेच मीठ, तेच पाणी असूनही कच्च्या तुकड्यासारखं वागणं त्यात दिसत नाही, आणि मीठ सरळ आतपर्यंत शिरतं. म्हणूनच उकडलेल्या बटाट्याला मीठ लागतं आणि कच्चा तसाच राहतो. बटाट्याचा पदार्थ तोच राहिला, पटल गेलं आणि सगळा खेळ संपला. हा ग्लास लावला नाही तर तुम्ही पटलाबद्दल काहीच सिद्ध केलेलं नाही, नुसतं मीठ आणि बटाटा यांच्याबद्दल काहीतरी पाहिलं.

कॉलेजच्या लॅबमध्ये हेच ऱ्हिओच्या पानावर करतात, ते खालून जांभळं असणारं पान, सोसायट्यांच्या कुंड्यांमध्ये भरपूर दिसतं. जांभळ्या बाजूची पातळ साल काढून स्लाइडवर घेतली, मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला की मायक्रोस्कोपखाली जांभळा गोळा आक्रसत पेशीभित्तिकेपासून (वनस्पतीच्या पेशीचं पटलाबाहेरचं कडक आवरण) सुटताना दिसतो, कोपऱ्यांपासून सुरुवात होते. भित्तिका जागची हलत नाही. हा रससंकोच. फार उशीर न करता साधं पाणी सोडलं तर गोळा परत फुगून भित्तिकेला टेकतो. स्लाइड आणि कव्हरस्लिप प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानांत मिळतात, घरी शिकाऊ मायक्रोस्कोप असेल तर नक्की करून बघा.

आपल्या पेशींना भित्तिका नाही हे मात्र लक्षात ठेवा. तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात, अडवायला बाहेर काही नाहीच. सलाइन ०.९ टक्क्याचं असतं, लिटरला ९ ग्रॅम मीठ, ते यासाठी. नर्सिंगवाल्यांनी हा आकडा झोपेत विचारला तरी सांगता आला पाहिजे.

चौथी पायरी: बीट, आणि जमलं तर अंडं

बिटाचे तुकडे करा आणि रंग यायचा थांबेपर्यंत नळाखाली धुवा. हे धुणं टाळू नका, सुरीने कापलेल्या पेशींचा रंग नाहीतर सगळा घोळ करतो. मग एक तुकडा गार पाण्यात, एक हात सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात, एक सॅनिटायझरमध्ये आणि एक रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग गार पाण्यात. गार पाणी बराच वेळ जवळपास स्वच्छ राहतं, बाकीचे तीन लालभडक होतात. रंग असतो पेशीतल्या रिक्तिकेत (आतली रसाची पिशवी), बाहेर यायला त्याला दोन पटलं ओलांडावी लागतात, रिक्तिकेचं आणि पेशीचं. गरम पाण्याने पटलातली प्रथिनं बिघडतात आणि चरबीचा थर सैल होतो, अल्कोहोल चरबीच्या थरात घुसून तो मोडतं, बर्फाचे स्फटिक पटल फाडतात. कारणं वेगळी, निकाल एकच. फ्रीजरमधून काढलेली काकडी किंवा टोमॅटो लिबलिबीत का होतो याचंही उत्तर इथेच मिळालं.

अंड्याचा प्रयोग यूट्यूबवर सगळीकडे आहे म्हणून थोडक्यात: कच्चं अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून एक-दोन दिवस फ्रीजमध्ये (मुंबईच्या उकाड्यात बाहेर ठेवू नका), मधे एकदा व्हिनेगर बदला, कवच विरघळेल आणि रबरासारखं अंडं उरेल. ते साखरेच्या दाट पाकात ठेवलं की चेपतं, साध्या पाण्यात फुगतं. फक्त जर्नलमध्ये ‘अंड्याचं पेशीपटल’ असं लिहू नका. ते कवचाखालचं प्रथिनांच्या तंतूंचं आवरण आहे, पाणी जाऊ देतं म्हणून नमुना म्हणून वापरतो इतकंच.

पाचवी पायरी: दरवाजे

आता दुसरा प्रश्न. पाणी तेलातून झिरपतं ते हळू, मग तांबड्या पेशी किंवा किडनीच्या नलिका एवढ्या झटपट पाणी कशा घेतात? उत्तर सापडलं ते दुसरंच काहीतरी शोधताना. अमेरिकेत पीटर ॲग्रे रक्तातल्या आरएच गटाच्या प्रथिनावर काम करत होते आणि त्यांच्या नमुन्यात एक अनोळखी प्रथिन सारखं दिसायचं. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने ते प्रथिन बेडकाच्या अंडपेशींमध्ये तयार करवलं आणि त्या पेशी फार कमी मीठ असलेल्या पाण्यात सोडल्या. साध्या अंडपेशी होत्या तशाच राहिल्या, या प्रथिनवाल्या मात्र भराभर फुगून फुटल्या. हे ॲक्वापोरिन. त्यातून पाणी एकामागे एक अशा रांगेत जातं, एका दरवाजातून सेकंदाला अब्जावारी रेणू, आणि तरी हायड्रोजनचा आयन, जो कितीतरी लहान, तो त्यातून जात नाही.

चाळणी डोक्यातून अजून गेली नसेल तर पोटॅशियमचा दरवाजा बघा. पोटॅशियम मोठा, सोडियम त्याच्यापेक्षा लहान, आणि दरवाजा मोठ्याला सोडतो, लहानाला नाही! रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या दरवाजाची रचना दाखवली तेव्हा कारण स्पष्ट दिसलं. दरवाजाच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेत की पोटॅशियमला अंगावरचं पाणी सोडून आत आल्यावर तितकाच आधार मिळतो. सोडियम लहान, त्याला ते ऑक्सिजन नीट भेटतच नाहीत, म्हणून पाणी सोडणं त्याला परवडत नाही आणि तो बाहेरच राहतो. ॲग्रे आणि मॅकिनन दोघांना मिळून २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कंट्रोल म्हणतात तो बराचसा इथे असतो, दरवाजे किती आणि कुठे. उन्हात फिरून घाम गाळून घरी आलात, पाणी कमी पडलं, की मेंदूतून एडीएच (शरीरातलं पाणी राखणारं हार्मोन) सुटतं आणि किडनीच्या पेशी आत साठवलेले ॲक्वापोरिन पटलावर आणून लावतात, पाणी परत रक्तात घेतात आणि लघवी गडद पिवळी होते. इन्सुलिनचंही तसंच, स्नायूंच्या पेशीत ग्लुकोजचे दरवाजे, ग्लुट-४ नावाचे, आत पिशव्यांमध्ये पडून असतात आणि इन्सुलिन आलं की पटलावर येतात. चालल्याने, पळल्यानेही ते वर येतात, इन्सुलिनची वाट न बघता. डॉक्टर डायबिटीसवाल्यांना जेवणानंतर शिवाजी पार्कला एक राउंड मारा म्हणतात त्यामागे हेही एक कारण आहे.

सहावी पायरी: उलटं जायचं असेल तर खर्च

पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, आत कमी. पोटॅशियमचं नेमकं उलटं. हे असं आपोआप राहत नाही, एक पंप सतत चालू असतो, दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आणि एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च. हेच सक्रिय वहन. डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी १९५७ मध्ये तो शोधला, तोही खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये, आणि नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. तुम्ही नुसते पंख्याखाली पडून असलात तरी शरीराच्या खर्चाचा मोठा वाटा या पंपावर जातो.

आता हा खर्च कसा वसूल होतो ते बघा, कारण पावसाळ्यात याची घरोघरी गरज पडते. आतड्याच्या पेशीत एक दरवाजा असा आहे की तो सोडियम आणि ग्लुकोज दोघं एकत्र आले तरच चालतो. सोडियम उतारावरून आत येतो (उतार पंपाने तयार केलेला), आणि येताना ग्लुकोजला चढावर ओढून आणतो, मग या दोघांच्या मागे पाणी येतं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये मांडली. कॉलऱ्यात क्लोराइडचे दरवाजे उघडे राहून पाणी धो धो बाहेर जात असतं, पण ही सोडियम-ग्लुकोजची जोडी शाबूत असते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि हजारो माणसं वाचली.

घरी करायचं असेल तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा टीस्पून साखर, सपाट अर्धा टीस्पून मीठ. अंदाजपंचे नको, मोजून. पोराला गोड आवडतं म्हणून साखर वाढवायची नाही, आतड्यातलं द्रावण जास्त दाट झालं तर परासरणाने पाणी उलटं शरीरातून आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात, बटाट्याचा तिसरा ग्लास आठवा. नुसतं मीठ किंवा नुसती साखर देऊनही भागत नाही, दरवाजाला दोघं लागतात. ओआरएसचं (जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं) पाकीट घेत असाल तर मागे डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का बघा: लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे. आणि लहान मूल मलूल पडलं, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त गेलं तर प्रयोग बंद, सरळ डॉक्टर.

मोठा माल, म्हणजे अख्खा जीवाणू गिळायचा किंवा हार्मोनची पिशवी बाहेर सोडायची, तेव्हा दरवाजाने होत नाही, पटल स्वतःच आत वळून पिशवी बनवतं किंवा पिशवी पटलात मिसळून फुटते. पेशीय भक्षण आणि पेशीय उत्सर्जन. यालाही एटीपी लागतो, आणि सुरुवातीला एवढं पुरे.

सरावासाठी एक गणित

ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रात किंवा गोराईकडे गेलात तर तिवराचं झाड शोधा. मुळं खाऱ्या चिखलात, आणि पानांवर बारीक पांढरे कण, बोटाने पुसून जिभेला लावले तर खारट. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, जे आत येतं ते पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. आता तिन्ही प्रश्न लावा: सोडियम तेलात जातो का, दरवाजा लागेल का, आणि पानाच्या बाहेर आधीच मिठाचे खडे साचलेले असताना आणखी मीठ बाहेर टाकायचं तर ते उतारावर की चढावर, आणि खर्च कोण देतंय? उत्तर स्वतः लिहून काढा, दोन-तीन ओळींत होतं. जायचं तर पावसाच्या आधी जा, नंतर पानं धुतलेली असतात आणि काही दिसत नाही. पानं तोडू नका, कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आणि लाकडी वाटेवरून खाली चिखलात उतरायचं नाही.